पुस्तकातून परतलेले देव : आधुनिक आसात्रूची ओळख

१/
२१ एप्रिल १९७१. आइसलँडची राजधानी रेक्याविक. बंदरावर हजारो लोक थंडीत उभे होते. डेन्मार्कच्या नौदलाचे एक जहाज धक्क्याला लागले आणि त्यातून दोन जुनी हस्तलिखिते उतरवण्यात आली. त्यांपैकी एक आकाराने अगदी लहान होते. त्याचे नाव ‘कोडेक्स रेगियस’, म्हणजे ‘राजाचे पुस्तक’. ओडिन, थॉर, फ्रेया, लोकी यांच्याविषयीच्या प्राचीन कवितांचा सर्वांत महत्त्वाचा संग्रह त्यात आहे. पुढच्याच वर्षी, २० एप्रिल १९७२ रोजी, त्याच देशात मूठभर लोकांनी या देवांची उपासना नव्याने सुरू करण्यासाठी एक संघटना स्थापन केली.

२/
ग्रंथ परतला म्हणून धर्म परतला, इतके सोपे कार्यकारण येथे नाही. तथापि या दोन घटनांचे सान्निध्य बोलके आहे. उत्तर युरोपातील जुन्या देवांची सार्वजनिक पूजा थांबून त्या वेळी सुमारे साडेनऊशे वर्षे उलटली होती. पुरोहितांची गुरुशिष्यपरंपरा उरली नव्हती, मंदिरे नव्हती, मंत्रही उरले नव्हते. उरले होते ते प्रामुख्याने साहित्य. एकदा तुटलेली उपासना पुन्हा उभी करता येते का? आणि मधली पोकळी कशाने भरायची? आधुनिक नॉर्स धर्माचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो. हा थ्रेड त्याविषयी.

३/
प्रथम नाव. ‘आसात्रू’ म्हणजे ‘आसांवरील श्रद्धा’. ‘आस’ हे नॉर्स देवांच्या प्रमुख कुळाचे नाव, ‘त्रू’ म्हणजे श्रद्धा. शब्द प्राचीन वाटतो, पण तो एकोणिसाव्या शतकात घडला. व्हायकिंग काळातील माणसाला आपल्या धर्माला वेगळे नाव देण्याची गरज वाटत नव्हती. त्याच्या भाषेत ‘सिद्र’ हा शब्द होता. त्याचा अर्थ रीत, आचार. ख्रिस्ती धर्म आला तेव्हा लोक ‘नवी रीत’ आणि ‘जुनी रीत’ असा भेद करू लागले. म्हणूनच आजचे काही उपासक ‘फोर्न सिद्र’ म्हणजे ‘जुनी रीत’ हे नाव अधिक पसंत करतात. इंग्रजीभाषक देशांत ‘हीदनरी’ हा शब्द रूढ आहे.

४/
या जुन्या रीतीला धर्मग्रंथ नव्हता. रून लिपीतील शिलालेख आहेत, पण ते बहुधा त्रोटक. म्हणून वर्णने मिळतात ती मुख्यतः बाहेरच्यांची. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८च्या सुमारास जर्मन जमातींविषयी लिहिले. बगदादच्या खलिफाच्या दूतमंडळातील इब्न फदलानने ९२२मध्ये व्होल्गा नदीकाठी ‘रूस’ सरदाराचे नौकेतील दहन प्रत्यक्ष पाहून नोंदवले. ब्रेमेनच्या अॅडम या पाद्र्याने १०७०च्या दशकात स्वीडनमधील उप्साला येथील मंदिराचे ऐकीव वर्णन केले. तिघांची दृष्टी परक्याची, आणि प्रत्येकाचा हेतू निराळा.

५/
मग ही रीत संपली कशी? आइसलँडमधील उत्तर विलक्षण आहे. तेथे राजा नव्हता. इ. स. ९३०पासून थिंगवेलिर येथे दरवर्षी ‘आल्थिंग’ ही लोकसभा भरे. इ. स. १०००च्या सुमारास नॉर्वेच्या राजाचा दबाव वाढला आणि ख्रिस्ती व जुने असे दोन गट समोरासमोर आले. निर्णय सोपवला गेला थोर्गेर या कायदेवक्त्यावर, म्हणजे सारा कायदा मुखोद्गत ठेवून सभेत सांगणाऱ्या अधिकाऱ्यावर. तो स्वतः जुन्या देवांचा उपासक होता. एक दिवस आणि एक रात्र तो पांघरूण ओढून न बोलता पडून राहिला. उठल्यावर त्याने सांगितले, कायदा दुभंगला तर शांतताही दुभंगेल. म्हणून सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा.

६/
ही हकिकत आरी थोर्गिल्सन याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहून ठेवली. या तडजोडीत तीन सवलती होत्या : घोड्याचे मांस खाणे, नको असलेले अर्भक उघड्यावर सोडणे आणि गुप्तपणे देवांना बळी देणे. काही वर्षांतच त्याही काढून घेण्यात आल्या. संक्रमणाचा हा काळ वस्तूंतूनही दिसतो. डेन्मार्कमध्ये ट्रेंडगॉर्डन येथे दगडाचा एक साचा सापडला आहे. त्यात क्रूस आणि थॉरचा हातोडा अशा दोन्ही लोलकांच्या खोबणी शेजारी-शेजारी आहेत. कारागिराला दोन्ही गिऱ्हाइके सांभाळायची होती!

७/
जुन्या देवांची एक खूण मात्र अनेक भाषांत टिकली : आठवड्याचे वार. रोमन लोकांचा ग्रहदेवतांचा आठवडा जर्मन जमातींनी घेतला आणि देव आपले बसवले. मंगळाच्या जागी टीर (ट्यूसडे), बुधाच्या जागी ओडिन (वेन्सडे), गुरूच्या जागी थॉर (थर्सडे), शुक्राच्या जागी फ्रिग (फ्रायडे). हाच ग्रहांचा आठवडा भारतातही आला, म्हणून मराठीतील गुरुवार आणि थॉरचा वार एकच. गंमत पुढे आहे. खुद्द आइसलँडच्या भाषेत ही नावे नाहीत! बिशप यॉन ओग्मुन्दारसन याने बाराव्या शतकात ती बदलून ‘तिसरा दिवस’, ‘आठवड्याचा मध्य’, ‘पाचवा दिवस’, ‘उपासाचा दिवस’ अशी केली, असे परंपरा सांगते.

८/
ज्या देशाने देवांना वारांतून हाकलले, त्यानेच त्यांना पुस्तकात जपले. स्नोरी स्टर्लसन (११७९–१२४१) हा आइसलँडचा बलाढ्य सरदार, कायदेवक्ता आणि इतिहासकार. तो ख्रिस्ती होता. पण जुन्या काव्यातील रूपके पुराणकथांवर आधारलेली असत. त्या कथा विसरल्या तर काव्यच कळेनासे होणार, ही त्याची चिंता होती. म्हणून १२२०च्या सुमारास त्याने ‘एड्डा’ हा ग्रंथ रचला. तो मूलतः कवींसाठीचा मार्गदर्शक ग्रंथ. प्रस्तावनेत तर देव हे ट्रॉयहून आलेले पराक्रमी पुरुष होते, असे म्हणून त्याने आपली बाजू सुरक्षित ठेवली.

९/
दुसरा आधार म्हणजे कोडेक्स रेगियस. लेखनकाळ १२७०च्या आसपास, लेखक अज्ञात. आज त्याची ४५ पत्रे शिल्लक आहेत. ८ हरवली आहेत. १६४३मध्ये ते स्कालहोल्टचा बिशप ब्रिन्योल्वुर स्वेन्सन याच्या हाती आले. १६६२मध्ये ते डेन्मार्कचा राजा तिसरा फ्रेडरिक याच्याकडे भेट म्हणून गेले, कारण आइसलँड तेव्हा डॅनिश सत्तेखाली होते. स्वातंत्र्यानंतर दीर्घ वाटाघाटी झाल्या आणि ते १९७१मध्ये मायदेशी आले. बंदरावरची ती गर्दी या दीर्घ प्रतीक्षेची होती.

१०/
या साधनांची मर्यादा ध्यानात घ्यायला हवी. ती ख्रिस्ती काळात, ख्रिस्ती समाजातील लोकांनी लिहिली. त्यांत कथा विपुल आहेत, पण विधी फार थोडे. थॉरने हातोडा कसा परत मिळवला हे सविस्तर कळते; शेतकऱ्याच्या घरी थॉरची प्रार्थना कोणत्या शब्दांत होई, हे कळत नाही. म्हणजे आजच्या उपासकाच्या हाती पुराणे आहेत, पण पूजेची पोथी नाही. पूजा त्याला स्वतःच रचावी लागते.

११/
आता देव. नॉर्स देवांची दोन कुळे आहेत : ‘आस’ आणि ‘वान’. आस हे सत्ता, युद्ध, कायदा यांच्याशी, तर वान हे सुपीकता, समृद्धी, समुद्र यांच्याशी जोडलेले. दोन्ही कुळांत युद्ध झाले, कोणीच निर्णायक जिंकले नाही, आणि अखेर ओलिसांची देवाणघेवाण होऊन तह झाला. तिसरा वर्ग ‘योटुन’ यांचा. त्यांना ‘राक्षस’ म्हणण्याची पद्धत आहे, पण ते नुसते दुष्ट नाहीत. ओडिनची आई योटुन कुळातली होती.

१२/
ओडिन हा देवांचा प्रमुख, पण सुखासीन राजा नव्हे. ज्ञानासाठी त्याने मिमिरच्या विहिरीत आपला एक डोळा ठेवला. रूनचे रहस्य कळावे म्हणून तो नऊ रात्री वृक्षावर टांगून राहिला, भाल्याने जखमी, अन्नपाण्याविना. त्याचे दोन कावळे, हुगिन (विचार) आणि मुनिन (स्मृती), रोज जग पाहून येतात. तो काव्याचा, युद्धाचा आणि जादूचा देव. तो कपटीही आहे; आपल्या भक्ताला ऐन लढाईत सोडून देतो. आजचे उपासक त्याच्याकडे आदराने पाहतात, पण सावधपणे.

१३/
थॉर हा सामान्यांचा देव. विजेचा, वादळाचा, पिकाला पाऊस देणारा, माणसांचे रक्षण करणारा. दोन बोकडांच्या रथातून तो फिरतो. ‘म्योल्निर’ या त्याच्या हातोड्याचे लोलक उत्तर युरोपात हजाराच्या वर सापडले आहेत. डेन्मार्कमधील कोबेलेव येथे २०१४मध्ये मिळालेल्या एका लोलकावर रून लिपीत चक्क ‘हा हातोडा आहे’ असे कोरले आहे. चित्रपटातील सोनेरी केसांचा थॉर सर्वांना ठाऊक आहे. मूळ कवितांतला थॉर लाल दाढीचा, खादाड, तापट आणि विनोदी आहे. हातोडा चोरीला गेल्यावर तो नवरीच्या वेषात जाऊन परत आणतो!

१४/
वान कुळातून आलेली फ्रेया ही प्रेमाची देवता. तिचा रथ मांजरे ओढतात. पण रणांगणावर पडलेल्या वीरांपैकी निम्मे तिच्याकडे जातात. ‘सैद्र’ नावाची भविष्यवेधी जादू तिनेच आसांना शिकवली. तिचा भाऊ फ्रेयर सुगी आणि शांततेचा देव, वडील न्योर्द समुद्र व संपत्तीचे. आस कुळात ओडिनची पत्नी फ्रिग आहे आणि टीर आहे. महाकाय लांडग्याला बांधताना विश्वासाची हमी म्हणून टीरने आपला हात त्याच्या जबड्यात ठेवला आणि तो गमावला. ‘टीर’ आणि संस्कृत ‘देव’ हे शब्द एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळापासून आले आहेत. हे भाषेचे नाते आहे. त्यावरून ‘व्हायकिंग मूळचे हिंदू’ असे निष्कर्ष काढणे चूक ठरते.

१५/
लोकी हा सर्वांत वादग्रस्त. तो योटुन कुळातला, पण ओडिनचा मानलेला भाऊ. संकटे तोच आणतो, अनेकदा तोच सोडवतो. ओडिन आणि फ्रिग यांचा पुत्र बाल्डर सर्वांचा लाडका. सृष्टीतील साऱ्या वस्तूंनी त्याला इजा न करण्याची शपथ घेतली. राहून गेले ते मिसलटो नावाचे एक क्षुल्लक बांडगूळ. लोकीने त्याचाच बाण करवला आणि बाल्डर गेला. आजही काही गट लोकीच्या नावाने पेला उचलणे निषिद्ध मानतात. इतरांना तो बदलाचा आवश्यक देव वाटतो.

१६/
या विश्वाच्या मध्यभागी ‘इग्द्रासिल’ हा महावृक्ष आहे. त्याच्या मुळाशी उर्द, वेर्दांदी आणि स्कुल्द या तीन नियतिदेवता बसतात. देवही नियतीपासून मुक्त नाहीत. ‘रागनारोक’ या अंतिम युद्धात ओडिन आणि थॉर दोघेही मरतील, हे त्यांना आधीच ठाऊक आहे. तरीही ते लढायला उभे राहतात. त्यानंतर समुद्रातून पृथ्वी पुन्हा हिरवी वर येते. हरणार हे माहीत असूनही आपले कर्तव्य सोडायचे नाही, ही या कथांची नैतिक गाभ्याची जागा. पापमुक्ती किंवा मोक्ष ही येथील मध्यवर्ती कल्पनाच नव्हे.

१७/
देवांखेरीज ‘लांडवेत्तिर’ म्हणजे भूमीचे रक्षक आहेत : खडक, धबधबे, डोंगर यांत वसणारे. आइसलँडच्या जुन्या कायद्याप्रमाणे किनारा दिसताच जहाजावरचे ड्रॅगनचे मुंडके उतरवावे लागे, नाहीतर हे रक्षक घाबरतील! ड्रॅगन, गरुड, बैल आणि महाकाय पुरुष हे चार रक्षक आजही आइसलँडच्या राजचिन्हावर आहेत. आधुनिक उपासकांपैकी अनेकांना देवांपेक्षा भूमीशी असलेले हे नातेच अधिक जवळचे वाटते.

१८/
आता पुन्हा १९७२. संघटनेचे नाव ‘आसात्रूआरफेलागिद’, म्हणजे आसात्रू मंडळ. स्थापनेचा दिवस होता आइसलँडच्या जुन्या पंचांगातील ‘उन्हाळ्याचा पहिला दिवस’, जो नेहमी गुरुवारीच येतो. नेतृत्व होते स्वेनब्यर्न बेन्टेन्सन (१९२४–१९९३) यांच्याकडे. ते मेंढपाळ शेतकरी आणि कवी. ‘रीमुर’ ही शतकानुशतकांची कथाकाव्य गाण्याची परंपरा त्यांना अवगत होती; छंदांवर त्यांनी पुस्तकही लिहिले होते. पूजेची परंपरा तुटली होती, पण काव्याची आणि भाषेची तुटली नव्हती. तोच त्यांचा पूल ठरला.

१९/
मंडळाला शासकीय मान्यता हवी होती. १९७२च्या नाताळाआधी स्वेनब्यर्न आपल्या सहकाऱ्यासह मंत्र्यांना भेटले. मंत्र्यांना आधी ही थट्टा वाटली. ते दोघे परतल्यावर शहरावर गडगडाटासह वादळ आले आणि मध्यवर्ती भागातली वीज गेली, असा किस्सा आवडीने सांगितला जातो. बिशपांनी जाहीर विरोध केला. तरीही राज्यघटनेतील धर्मस्वातंत्र्याच्या आधारे १९७३मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे मंडळाला कायदेशीर विवाह लावण्याचा अधिकार आणि सभासदांमागे करातील वाटा मिळू लागला.

२०/
ऑगस्ट १९७३मध्ये स्वेनब्यर्न यांच्या द्रागहाल्स येथील शेतावर पहिला सार्वजनिक ‘ब्लोत’ झाला. प्राचीन काळी ब्लोत म्हणजे बळी : पशूचे रक्त शिंपडणे आणि मांसाची सामूहिक मेजवानी. नव्या मंडळाने पशुबळी स्वीकारला नाही. आज तेथे लोक वर्तुळात उभे राहतात, अग्नी पेटवला जातो, एड्डातील कडवी म्हटली जातात, शिंगाच्या पात्रातून पेय फिरते आणि त्याचा थोडा भाग भूमीवर ओतला जातो. मग सहभोजन. विधी चालवणारा ‘गोदी’ किंवा ‘गिद्या’. प्रमुखाला ‘आल्शेर्यागोदी’, म्हणजे समस्तांचा गोदी, म्हणतात.

२१/
वर्षातील मुख्य ब्लोत चार : हिवाळ्यातील दीर्घतम रात्रीच्या सुमारास ‘योल’, उन्हाळ्याचा पहिला दिवस, जूनमध्ये थिंगवेलिर येथे लोकसभेच्या स्मरणार्थ, आणि ऑक्टोबरात हिवाळ्याच्या आरंभी. जेथे जुनी रीत कायद्याने संपवली गेली, त्याच जागी दरवर्षी ती साजरी होते. याशिवाय ‘सुम्बल’ हा विधी अनेक देशांत रूढ आहे. त्यात पेला तीन फेऱ्यांत फिरतो : पहिली देवांसाठी, दुसरी पूर्वजांसाठी, तिसरी स्वतःच्या शपथेसाठी. शब्द दिला की तो पाळायचा. साक्षीला सगळे असतात. नामकरण, प्रौढत्व, विवाह, अंत्यविधी यांचेही संस्कार आहेत.

२२/
हे लोक खरोखर देवांवर विश्वास ठेवतात का? उत्तर एकसारखे नाही. काहींना देव प्रत्यक्ष शक्ती वाटतात, काहींना निसर्गाची रूपे, काहींना मनाची प्रतीके. २००३पासून मंडळाचे प्रमुख असलेले संगीतकार हिल्मार अर्न हिल्मार्सन यांनी २०१५मध्ये स्पष्टच सांगितले होते, की आठ पायांच्या घोड्यावरून फिरणाऱ्या एकाक्ष पुरुषावर कोणी शब्दशः विश्वास ठेवत असेल असे त्यांना वाटत नाही. या कथा काव्यमय रूपके आहेत. मंडळात ठरावीक श्रद्धावचन नाही. धर्म हा मतापेक्षा आचार आहे, हे ‘सिद्र’ या जुन्या शब्दाशी सुसंगतच.

२३/
परंतु पोकळी भरण्याचा आणखी एक मार्ग होता, आणि तो भयंकर ठरला. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि स्कँडिनेव्हियन रोमँटिक चळवळींनी या कथा राष्ट्रीय अस्मितेसाठी वापरल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियाच्या गिडो फॉन लिस्टसारख्यांनी दावा केला, की प्राचीन ज्ञान ग्रंथांत नसले तरी ‘आर्य रक्तात’ जिवंत आहे. १९०८मध्ये त्याने आपल्या कल्पनेतील अठरा रून प्रसिद्ध केले. पुढे नाझींच्या ‘एसएस’ दलाच्या बोधचिन्हावर त्याच मालिकेतून आलेला विजेसारखा रून दुहेरी स्वरूपात झळकला. जेथे पुरावा संपला, तेथे रक्ताचा दाखला पुढे आला.

२४/
ही सावली १९४५ला संपली नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकातच आसात्रू उदयाला आले आणि लवकरच एका प्रश्नावर दुभंगले : हा धर्म कोणाचा? ‘फोकिश’ गट म्हणतात, उत्तर युरोपीय वंशजांचाच. ‘युनिव्हर्सलिस्ट’ गट म्हणतात, जो देवांना साद घालील त्याचा. १९८७मध्ये स्थापन झालेली ‘द ट्रोथ’ ही संस्था दुसऱ्या बाजूची. २०१६मध्ये ‘आसात्रू फोक असेंब्ली’ने वंश आणि लिंग यांविषयी घेतलेल्या भूमिकेनंतर अनेक देशांतील संघटनांनी ‘डिक्लरेशन १२७’ काढून तिच्याशी संबंध तोडले. हा आकडा ‘हावामाल’ या एड्डातील कवितेच्या १२७व्या कडव्याचा. दुष्टपणा दिसला तर तो दुष्टपणा आहे असे उघड म्हणावे, असा त्याचा आशय.

२५/
आइसलँडच्या मंडळाची भूमिका याबाबत निःसंदिग्ध आहे. वंशवाद आणि सैन्यवादाला तेथे थारा नाही. समलिंगी जोडप्यांचे विवाह मंडळ लावते. २०१५मध्ये ही बातमी जगभर पसरली तेव्हा परदेशांतील काही गटांकडून निंदेची आणि धमक्यांची पत्रे आली. यातील विरोधाभास लक्षणीय आहे. ज्यांची भाषा एड्डाच्या सर्वांत जवळची आहे, त्यांना शुद्धतेचे धडे देणारे लोक बहुधा भाषांतरे वाचून आलेले होते.

२६/
प्राचीन म्हणून खपणाऱ्या अनेक गोष्टी अर्वाचीन आहेत, हेही नोंदवायला हवे. शिंगांची शिरस्त्राणे लोकप्रिय झाली ती १८७६मध्ये वाग्नरच्या संगीतनाट्यासाठी डोप्लरने केलेल्या वेषभूषेमुळे. टॅटूंमध्ये दिसणारे ‘वेग्वीसिर’ हे तथाकथित व्हायकिंग होकायंत्र १८६०च्या एका आइसलँडिक हस्तलिखितातून आले. ‘नऊ उदात्त गुण’ ही यादी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाली. नवे असणे हा दोष नव्हे. नव्याला जुने म्हणणे हा इतिहासाचा अपराध आहे.

२७/
आज आइसलँडच्या मंडळाचे सभासद पाच हजारांहून अधिक आहेत. देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत. रेक्याविकमधील ओस्क्युहलीद टेकडीवर मंदिराचे काम २०१५मध्ये सुरू झाले आणि अडचणींमुळे दीर्घकाळ रखडले. डेन्मार्कमधील ‘फोर्न सिद्र’ला २००३मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत २०१३पासून सैनिकांच्या शासकीय स्मृतिशिलांवर थॉरचा हातोडा कोरता येतो. संख्या लहान आहे, पण हा आता केवळ छंद राहिलेला नाही.

२८/
सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. तुटलेली परंपरा परत आणता येते का? जशीच्या तशी, नाही. थोर्गेर पांघरुणातून उठला तेव्हा जे संपले, ते संपलेच. पण मधली पोकळी मान्य करून पुढे जाणे आणि ती नाकारून ‘रक्तातली अखंड परंपरा’ कल्पणे, हे दोन वेगळे मार्ग आहेत. पहिल्यात साहित्य, भूमी आणि आपला विवेक यांवर भिस्त ठेवावी लागते; म्हणून नव्या माणसाला जागा राहते. दुसऱ्यात पुराव्याची गरजच उरत नाही. म्हणून कोणालाही बाहेर काढता येते.

२९/
हा प्रश्न केवळ नॉर्स देवांचा नाही. ज्या ज्या समाजाला आपला हरवलेला भूतकाळ परत हवासा वाटतो, त्याच्यापुढे हे दोन मार्ग येतात. द्रागहाल्सच्या कवी-शेतकऱ्याने आपल्याला काय ठाऊक नाही हे लपवले नाही. जे हाती होते, ती पंचेचाळीस पत्रे आणि ती गाण्याची रीत, तेवढे घेऊन तो आपल्या शेतात उभा राहिला. थॉर त्या दिवशी आला की नाही, हे इतिहास सांगू शकत नाही. साडेनऊशे वर्षांनंतर माणसे मात्र आली होती.

(थ्रेड समाप्त)